डाव्या हाताची रायफल

दुकानाच्या मागच्या भिंतीवर वापरलेल्या रायफली एका रांगेत उभ्या होत्या. त्यांत डावखुऱ्या माणसासाठी बनवलेली एकच होती.

एप्रिलमधला शनिवार होता. नेदरलँड्समधल्या आमच्या फेल्डहोवनहून बेल्जियमच्या सीमेकडे गाडीने चाळीस मिनिटांवर हे दुकानाचं गाव आहे. आम्ही तिघं गेलो होतो: मुलगी, तिचे बाबा आणि मी. मुलीला अठरा पूर्ण होऊन तीन आठवडे झाले होते. त्याआधी या देशात शिकारीचा परवाना मिळत नाही.

हे वेड अचानक आलेलं नव्हतं. पंधराव्या वर्षापासून ती मे-जूनमध्ये पहाटे गवताच्या शेतांवर जायची. कापणीची यंत्रं येण्याआधी स्वयंसेवक रांगेने गवत तुडवत जातात आणि त्यात दडलेली हरणाची पिल्लं शोधून बांधावर नेऊन ठेवतात. पिल्लं पळत नाहीत, जागच्या जागी दबून बसतात, म्हणून यंत्राखाली येतात. इथल्या या लहान चणीच्या हरणाला डच लोक 'रे' म्हणतात. ज्या शेतकऱ्याच्या गवतात ती जायची, तो गायी विकून निवृत्त झालेला म्हातारा, हिवाळ्यात त्याच हरणांची ठरवून दिलेल्या संख्येइतकी शिकार करायचा. मुलीला यात विसंगती दिसली नाही. निसर्ग-व्यवस्थापनाच्या कॉलेजात प्रवेश घेतला त्याच हिवाळ्यात तिने शिकारीचा अभ्यासक्रम पूर्ण केला, परीक्षा दिली, पास झाली. आमच्या घरी रविवारी मटण होतं, त्यामुळे मांसावरून वाद घालण्याची सोय मला नव्हती.

मी तिला एकदाच विचारलं होतं, त्या शेतकऱ्याबरोबर शिकारीच्या मचाणावर दोन-दोन तास बसून काय करतेस.

"नथिंग," ती म्हणाली. मग बूट काढता काढता, "तिथे कोणी काही विचारत नाही."

त्यानंतर मी विचारलं नाही.

शेतकऱ्याने तिला सल्ला दिला होता आणि तिने तो फोनमध्ये लिहून ठेवला होता. पहिली रायफल साधी घे. ताकद मध्यम हवी, म्हणजे या लहान हरणालाही चालेल आणि पुढे मोठ्यावर गेलीस तरी बदलावी लागणार नाही. खांद्याला धक्का कमी बसला पाहिजे, नाहीतर चाप ओढताना डोळे मिटायला शिकशील. वापरलेली घे. वाचलेले पैसे दुर्बिणीवर घाल. सुपरमार्केटमधल्या शनिवारच्या नोकरीतून साठवलेले तिचे पैसे होते, आणि त्यांत आमचे मिसळायचे नाहीत हे तिने आधीच सांगून टाकलं होतं.

तिच्या बाबांनी तरीही एक्सेलमध्ये तक्ता केला होता. रायफलीचं वजन, नळीची लांबी, काडतुसाचा प्रकार, किंमत. चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत त्यांना सोळा वर्षं झाली आहेत.

"बाबा, ही मशीन नाहीये," मुलगी म्हणाली.

"मशीनच आहे. फक्त टॉलरन्स ढिला आहे."

दुकानदार सत्तरीच्या पुढचा होता. कमरेला चामड्याचा अ‍ॅप्रन. त्याने आधी काढून दिली ती फिनलंडमध्ये बनलेली, उजव्या हाताची. जेमतेम पाच वर्षं वापरलेली, वर दुर्बीण बसवलेली. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलायचा दांडा, उजव्या बाजूला. मुलीने ती सवयीने डाव्या खांद्याला लावली आणि बोल्ट ओढायला डावा हात वरून पलीकडे नेला. जमत होतं, पण प्रत्येक वेळी गाल दस्त्यावरून उचलावा लागत होता.

दुकानदाराने तिला थांबवलं. दोन्ही हात लांब करून अंगठे आणि बोटं जुळवून मध्ये लहानसा त्रिकोण करायला सांगितला. त्या त्रिकोणातून भिंतीवरचं घड्याळ बघ. आता एक डोळा मीट. आता दुसरा. डावा डोळा मिटल्यावर घड्याळ त्रिकोणातून निघून गेलं, म्हणजे नेम धरणारा डोळा डावा. त्याने तिच्या हातातून रायफल घेतली आणि परत रांगेत ठेवली.

"ही तुझी नव्हे," तो डचमध्ये म्हणाला.

डाव्या हाताची जी एकमेव होती तिच्या दस्त्यावर लांब ओरखडा होता, वर दुर्बीण नव्हती, आणि तरी ती महाग होती. डावखुऱ्यांच्या कमी बनतात, म्हणून जुन्या झाल्या तरी भाव धरून राहतात, असं त्याने सांगितलं. नवऱ्याने फोनवर तक्ता उघडला. उजव्या हाताची घेतली तर दुर्बिणीचा खर्च वाचत होता. डाव्या हाताची घेतली तर दुर्बीण जुनी आणि साधी घ्यावी लागणार होती.

"उजवी घे ना," मी म्हटलं. "सवय होईल."

मुलगी सहसा मला इंग्रजीत उत्तर देते, चिडली तर डचमध्ये. या वेळी मराठीत बोलली.

"जेवणासारखी?"

नवरा हसला आणि मग हसायचं नव्हतं हे त्याच्या लक्षात आलं. मुलगी लिहिते डाव्या हाताने, सायकलवरून वळताना इशारा डावीकडचा आधी शिकली, पण जेवते उजव्या हाताने. ते मी शिकवलेलं. चार वर्षांची असताना डावा हात ताटाकडे गेला की मी तो उचलून मांडीवर ठेवायची. मारलं कधी नाही. फक्त उचलून ठेवायची.

तिने ओरखड्याची घेतली. घेतली म्हणजे सांगून ठेवली, कारण परवाना आल्याशिवाय रायफल दुकानाबाहेर जात नाही. दुकानदाराने मे महिन्याच्या अखेरपर्यंत राखून ठेवायचं कबूल केलं. त्यानंतर नाही, कारण सीमेपलीकडच्या एका डावखुऱ्या गिऱ्हाईकाने दोनदा फोन केला होता.

परवान्यासाठी घरात तिजोरी लागते. ती भिंतीत बोल्टने पक्की बसवावी लागते आणि पोलिस येऊन पाहून जातात. तिजोरी आठवड्याभरात आली, माणसाच्या छातीइतकी उंच, राखाडी. मुलीच्या खोलीत कपाटाच्या आत नवऱ्याने ती स्पिरिट लेव्हल लावून बसवली. तिच्याबरोबर पाकिटात दोन किल्ल्या होत्या. मुलीने एक गळ्यातल्या दोरीत ओवली. कॉलेजच्या कामासाठी युट्रेख्टची गाडी गाठायची होती म्हणून दुसरी जेवणाच्या टेबलावर, पाकिटातच राहिली.

आमच्या घरी दुसरी किल्ली देवघरात असते. पुण्यात होती, इथेही आहे. घराची, सोन्याच्या डब्याची, पासपोर्टच्या ड्रॉवरची. हळद-कुंकवाची चांदीची कोयरी माझ्या आईने दिलेली आहे, तिच्यात कुंकवाशेजारी जो जास्तीचा कप्पा आहे तो मी किल्ल्यांसाठी वापरते. ही किल्ली मी त्याच कप्प्यात ठेवली.

संध्याकाळी मुलीने विचारलं, "दुसरी की कुठेय?"

"ठेवलीय नीट."

"आई, ती कोणाकडेच नको. रूल आहे."

"कोणाकडे नाहीच आहे. देवाकडे आहे."

ती हसली. "ओके, पण संडेला दे मला. मी शेतकऱ्याकडे त्याच्या सेफमध्ये ठेवणार आहे, तो लायसन्सवाला आहे."

"देते."

रविवारी तिचा सकाळी सबमिशनचा घोळ होता, दुपारी पाऊस लागला. ती विसरली. मी विसरले नव्हते. देवघर मी सकाळी पुसलं, कोयरी उचलली, खालचा पाट पुसला, कोयरी परत ठेवली.

हे लिहिताना कारण शोधायचं म्हटलं तर एवढंच सापडतं: त्या खोलीत अलीकडे मी दार वाजवूनच जात होते. ती किल्ली माझ्याकडे असली की दिवसभरात एकदोनदा आठवायची, आणि बरं वाटायचं.

गुरुवारी पोलिस खात्यातून एक तरुण बाई आल्या, साध्या कपड्यांत. दारात स्वतःहून बूट काढले. मी चहा आणि चकली ठेवली. त्यांनी तिजोरी हलवून पाहिली, बोल्ट मोजले, मुलीला प्रश्न विचारले. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवशील ना. घरात आणखी कोण राहतं. सगळं डचमध्ये, सगळं मवाळ आवाजात. वीस मिनिटांत त्या खाली आल्या आणि चहाचा कप हातात घेऊन शेवटचं विचारल्यासारखं विचारलं, "आणि दुसरी किल्ली?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला त्या क्षणी रविवार आठवला हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

मी उठले. मला खरंच वाटलं की हा या घराचा सर्वांत चांगला भाग आहे आणि तो दाखवायला हरकत नाही. कोयरी आणली, कप्पा उघडला, किल्लीला लागलेलं कुंकू अंगठ्याने पुसलं आणि ती त्यांच्यासमोर ठेवली.

"इथे कोणी हात लावत नाही," मी माझ्या डचमध्ये सांगितलं. "देवाची जागा आहे."

त्यांनी किल्ली उचलली. त्यांच्या बोटाला लाल लागलं.

"पण तुम्ही हात लावता?"

"हो."

"केव्हाही?"

"रोज. मी रोज पूजा करते."

"आई," मुलगी म्हणाली. एवढंच.

बाईंनी कागदावर लिहिलं. त्या रागावल्या नाहीत. ज्याच्याकडे परवाना नाही अशा कोणाच्याही हाताला किल्ली लागता कामा नये, घरातल्या माणसाच्या तर नाहीच नाही, असं त्यांनी मला दोनदा, दुसऱ्यांदा सोप्या शब्दांत सांगितलं. किल्लीचं कुलूप काढून आकड्यांचं बसवा. आकडे फक्त तिला माहीत हवेत. मग मी परत येईन. परत येण्याची पहिली मोकळी तारीख जुलैच्या मध्यात होती.

त्या गेल्यावर मुलीने सायकल काढली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मला काही बोलता आलं असतं.

नवऱ्याने चकलीचा डबा बंद केला. "देवाकडे आहे," तो म्हणाला. "वा."

मे संपला. जूनच्या दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. त्याने आणखी एक दिवस वाट पाहिली होती, मग ओरखड्याची रायफल सीमेपलीकडे गेली. मुलीने ही गोष्ट जेवताना तिच्या बाबांना डचमध्ये सांगितली. मला डच कळतं हे तिला माहीत आहे. वरण वाढताना मी विचारलं, अजून हवंय का. नको म्हणाली.

त्या उन्हाळ्यात ती पहाटे उठून पूर्वीसारखीच गवतात जात होती. मी जागी असायची, जिना उतरल्याचा आवाज यायचा, मग सायकलच्या कुलपाचा. आधीच्या वर्षांत ती परत आल्यावर फोन माझ्यापुढे धरायची. आई, बघ, याला अजून ठिपके आहेत. या वर्षी पिल्लाचा फोटो मी नवऱ्याच्या फोनवर पाहिला. गवतात गुंडाळलेलं, डोळे उघडे, कान मागे पाडलेले. त्याला उचलताना हातात गवताचे पुंजके घ्यावे लागतात, नाहीतर माणसाचा वास लागतो आणि आई जवळ येत नाही, असं तिने पहिल्या वर्षी मला सांगितलं होतं. तेव्हा ती सांगत सुटायची. मी भाजी चिरता चिरता हं हं म्हणायची आणि अर्धंच ऐकायची. आता ते सगळं पुन्हा ऐकायला मिळालं असतं तर मी सुरी खाली ठेवली असती.

नर हरणांची शिकार उन्हाळ्यात चालते, ते महिने जात होते. ती म्हाताऱ्या शेतकऱ्याशेजारी मचाणावर बसायची. त्याच्याकडे रायफल, हिच्याकडे दुर्बीण. तक्रार केली नाही. संध्याकाळी पाठीवर डासांच्या गांधी घेऊन यायची. मी मलम जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवायची आणि सकाळी ते तिथे नसायचं.

जुलैमध्ये त्याच बाई परत आल्या. नवं कुलूप बसलं होतं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. दहा मिनिटांत काम झालं. जाताना त्यांनी दारातून डोकावून विचारलं, ते गोल तिखट पुन्हा आहे का. मी पुडी बांधून दिली, तर ती घेता येत नाही म्हणाल्या. मग उभ्याउभ्याच एक खाल्ली.

परवाना ऑगस्टमध्ये आला आणि आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. मला बोलावलं नव्हतं. नवरा म्हणाला, "चल, गाडीत जागा आहे." मुलगी काही म्हणाली नाही, तेव्हा मी बसले.

डाव्या हाताची एकही नव्हती. नवी मागवायची तर तिच्या आवाक्याबाहेर. उजव्या हाताची फिनलंडची अजून रांगेत होती आणि तिच्यावरची चिठ्ठी बदलली होती, किंमत उतरली होती. मुलीने ती उचलली. डाव्या खांद्याला लावली. मग उजव्या खांद्याला लावून पाहिली. मान वाकडी करून उजवा डोळा दुर्बिणीला लावायचा प्रयत्न केला, पुन्हा केला. पुन्हा एकदा.

"हीच घेते," ती म्हणाली. "सवय होईल."

टोमणा नव्हता. तोच तर त्रास होता. माझेच शब्द तिने माझ्याच स्वरात म्हटले होते आणि तिचं म्हणणं तेवढंच होतं.

"नको घेऊस," मी म्हटलं.

नवऱ्याने वळून पाहिलं.

"व्हाय? सीझन जातोय, आई."

"जाऊ दे. नाही झाली तुझी सवय. घरात कोणी नसलं की तू डाव्या हाताने जेवतेस."

"कोण म्हणालं?"

"मी बागेत कपडे वाळत घालत असते तेव्हा स्वयंपाकघराच्या काचेतून दिसतं. सातवीत होतीस तेव्हापासून."

तिने रायफल खाली केली. "आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलणार? नीट जेवत होतीस."

दुकानदाराला भाषा कळत नव्हती, पण भांडण कुठल्याही दुकानदाराला कळतं. त्याने विचारलं, आई काय म्हणते?

"थांब म्हणते," मुलीने डचमध्ये सांगितलं.

"शहाणी बाई आहे."

"तीन महिने उशिरा," नवरा मराठीत म्हणाला. मुलगी हसली. मे महिन्यानंतर माझ्यासमोर पहिल्यांदा.

उजव्या हाताची रायफल रांगेत परत गेली. सप्टेंबर संपताना दुकानदाराचा फोन आला. एका वृद्ध शिकाऱ्याची नजर गेली होती, त्याने आपली डाव्या हाताची विकायला आणली होती. जुनी, स्वीडनमधली, दस्त्याचं लाकूड काळपट झालेलं, हाताचा घाम शोषून गुळगुळीत. ताकद मध्यम, धक्का कमी. दुर्बीण वर बसवलेलीच. त्याला भाव नको होता, ती भिंतीवर टांगणाऱ्याकडे जायला नको होती. त्या शनिवारी मुलगी एकटी गेली, बसने, आणि शेतकऱ्याच्या गाडीतून परत आली. मी ती रायफल तेव्हा पाहिली नाही. तिच्या खोलीचं दार लागल्याचं ऐकलं आणि मग तिजोरीचं.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पूजतो. हत्यारं म्हणजे नवऱ्याचं भोसरीच्या पहिल्या नोकरीतलं व्हर्नियर कॅलिपर, माझी कात्री, विळी, आणि काही वर्षांपासून दोघांचे लॅपटॉप. पाटावर मांडून हळद-कुंकू, फूल. झेंडू इथे ऑक्टोबरपर्यंत कुंडीत टिकतो. पाट मांडताना मी एका बाजूला थोडी जागा सोडली होती. मागितलं काही नाही. परवान्याच्या नियमांत हे बसतं का, मला माहीत नव्हतं, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

सकाळचे दहा वाजले असतील. मी कात्रीला कुंकू लावत होते, तेव्हा वरून हाक आली.

"आई. ये वर. ते पिवळं-लाल घेऊन."

मी कोयरी घेऊन जिना चढले. दार उघडं होतं. ती कपाटात तिजोरीसमोर गुडघ्यांवर बसली होती. पलंगावर तिने स्वच्छ टॉवेल पसरून ठेवला होता.

"खाली नाही आणणार मी. इथेच कर. आणि लाकडालाच लाव, मेटलला नको. रस्ट होतं."

"बरं."

"तिकडे बघ आता."

मी खिडकीकडे तोंड केलं. खाली सायकलींचा रस्ता होता. शेजारची बाई पुढे लाकडी पेटी असलेली सायकल ढकलत होती, पेटीत तिची दोन मुलं बसली होती, एक रडत होतं. मागे बटणं वाजू लागली. आकडे चार होते की सहा, मी मोजले नाहीत. तिच्या जन्मतारखेचे नसणार, एवढी ती हुशार आहे. वाजणं थांबलं. चांदी तळहाताला गार लागत होती.

"झालं का?" मी विचारलं.

"थांब," ती म्हणाली.

मी थांबले.